उचलून घेऊ नका, जरा थांबा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील मनोगतांच्या कार्यक्रमात ए विंगमधील एका भगिनींनी केलेलं भाषण. त्यांच्या मुलीच्या इच्छेनुसार नावं छापलेली नाहीत. – संपादक मंडळ)



मला भाषणाची सवय नाही. बँकेत काउंटरवर बसून जेवढं बोलले तेवढंच. पण समितीतल्या काकू म्हणाल्या, "अगं, पंचवीस वर्षांत सोसायटीनं काय दिलं ते सांग. तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे." मी घरी विचारलं. ज्या व्यक्तीबद्दल बोलायचं तिची परवानगी घ्यायला नको का? आमची लेक आता सोळा वर्षांची आहे. तिनं तीन अटी घातल्या. एक, माझं नाव घ्यायचं नाही. दोन, ‘बिचारी’ हा शब्द तोंडातून निघता कामा नये. तीन, स्टेजवर रडायचं नाही. पहिल्या दोन मी नक्की पाळीन. तिसरीचं बघू.

तुम्ही सगळे तिला ओळखता. उंची १२१ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम चार फूट. तिच्या उंचीमागच्या कारणाचं नाव अकॉन्ड्रोप्लेझिया. इतकी वर्षं आपण एका जिन्यानं ये-जा करतो, पण मी हे नाव इथे कुणालाच धड सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की "हाडांचा थोडा प्रॉब्लेम आहे" म्हणून पुढे सटकायचे. आज नीट सांगते.

मी या सोसायटीत २००५ साली लग्न होऊन आले. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली. आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मांडीचं हाड महिन्यांच्या मानानं लहान दिसलं होतं. "आई-वडिलांची उंची बेताची असेल तर असं दिसतं," एवढंच तेव्हा सांगण्यात आलं. बाळ झालं ते गुटगुटीत, डोकं मोठं, कपाळ पुढे आलेलं, हात-पाय आखूड, मांड्यांना वळ्याच वळ्या. सगळे म्हणायचे, "किती गोंडस!" आणि होतीच ती गोंडस. तिसऱ्या महिन्यात डोक्याचा घेर फार वाढतोय म्हणून तपासण्या सुरू झाल्या. एक्स-रे झाले. मग मुंबईच्या एका आनुवंशिकतेच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्यांनी बाळाचा हात धरून बोटं पसरली आणि म्हणाल्या, "हे बघा, मधली दोन बोटं एकमेकांपासून लांब जातात. त्रिशूळासारखी." रक्ताच्या तपासणीनं नंतर शिक्कामोर्तब झालं, पण मला वाटतं त्यांना त्या बोटांवरूनच कळलं होतं.

त्यांनी मला जसं समजावलं तसंच तुम्हाला सांगते. आपल्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो. ती कूर्चा वाढते, तिचं हाड होतं आणि मूल उंच होतं. ही वाढ आवरायला शरीरात एक ब्रेक असतो. एफजीएफआर-३ नावाचं जनुक तो ब्रेक सांभाळतं. त्या जनुकात एका ठिकाणी एक बारीकसा बदल झाला की ब्रेक दाबलेलाच राहतो. हे कारण शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये शोधून काढलं. साधारण १५ ते ३० हजार जन्मांमागे एका बाळाला हे होतं, आणि अशा दहापैकी आठ बाळांचे आई-वडील तुमच्या-आमच्यासारख्या सर्वसाधारण उंचीचे असतात. बुद्धीवर याचा परिणाम होत नाही.

हे ऐकल्यावर मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "डॉक्टर, ग्रहणामुळे झालं का?"

तुम्हाला आठवत असेल, २२ जुलै २००९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं. मला पाचवा महिना चालू होता. सासूबाईंनी बजावलं होतं, काही चिरू नकोस, सुई हातात धरू नकोस. पण मिस्टरांना सातची लोकल होती आणि डब्याला भाजी हवी होती. मी गुपचूप भेंडी चिरली. निदान झाल्यापासून ती भेंडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. कुणाला सांगितलंही नव्हतं. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी तारखा मांडून दाखवल्या. म्हणाल्या, "हा बदल गर्भ राहतानाच झालेला असतो. तुमच्या ग्रहणाच्या किती तरी आधी. तुम्ही भेंडी चिरली नसती तरी हेच बाळ झालं असतं." त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून पोटभर रडले. दुःखानं नाही, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. इथे बसलेल्या नव्या सुनांना हे मुद्दाम सांगते. मूल वेगळं झालं की घरातली बाई आपल्या हातून काय चुकलं ते शोधत बसते. बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं.

आता हे ‘उशिरा बसणं, उशिरा चालणं’ काय असतं ते सांगते, कारण सगळ्यात जास्त सल्ले मला त्यावर मिळाले.

या मुलांचं डोकं मोठं आणि जड असतं. मान आणि पाठीचे स्नायू सुरुवातीला मऊ, ढिले असतात. सांधे सैल असतात. आखूड हातांवर एवढं डोकं तोलायचं म्हणजे अवघडच. म्हणून मान धरणं, बसणं, चालणं सगळं उशिरा होतं. पुष्कळ मुलं दोन वर्षांच्या आगेमागे चालतात, काही त्याहीनंतर. त्यांच्या वाढीचे वेगळे तक्ते असतात. इतर बाळांच्या तक्त्यावर बघायचंच नाही. डॉक्टर बाईंनी मला पहिली ताकीद दिली, "बाळाला घाईनं बसवू नका. उशा लावून तर अजिबात नाही. पाठ तयार नसताना बसवलं तर कण्याला बाक येतो. ती बसेल तेव्हा बसेल. तोपर्यंत तिला सपाट, टणक जागेवर लोळू द्या. जागी असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, पालथी झोपवा. उचलताना एक हात डोक्या-मानेखाली, एक पाठीखाली."

आता ही ताकीद आपल्या घरात पाळून दाखवा! आपल्याकडे सहावा महिना लागला की उष्टावण, आणि बाळ मामाच्या मांडीवर बसलंच पाहिजे. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या मऊ लुगड्याची झोळी बांधली होती. डॉक्टर म्हणाल्या, झोळीत पाठीचं धनुष्य होतं, सोडून टाका. ती झोळी सोडताना सासूबाईंचे हात थरथरत होते. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, "माझ्याकडे द्या, हाडं ओढून लांब करून देते." त्यांच्या हाताला चांगला गुण होता, तुमच्यापैकी किती तरी जणांची मुलं त्यांनी न्हाऊ-माखू घातली आहेत. पण बाळाला पायाला धरून उलटं करायची त्यांची पद्धत. कवटीच्या तळाशी जिथून मज्जारज्जू खाली उतरतो ते भोकच या मुलांमध्ये अरुंद असतं. मानेला हिसका म्हणजे जिवाशी खेळ. मी मावशींना नाही म्हटलं. सगळ्या बिल्डिंगमध्ये झालं की चौथ्या मजल्यावरची सून फार शिकलेली आहे.

त्या अरुंद भोकामुळे आणखी एक भीती असते. झोपेत श्वास अडखळतो. पहिलं दीड वर्ष मी आणि मिस्टर रात्री पाळी लावून जागायचो. रात्री एक ते चार मी, पुढे ते. श्वास मोजायचा. मध्येच थांबला की आपलाही थांबायचा. एमआरआय झाला, झोपेची तपासणी झाली. ऑपरेशनची वेळ आली नाही, हे आमचं नशीब. पण तुम्ही ज्या रात्री आमच्या घरातला दिवा बघून म्हणायचा, "यांच्याकडे कोण एवढं जागतं?", तर ते हे होतं.

आता मला बोरन्हाणाबद्दल सांगायचंय, कारण तिथे सोसायटी आली.

२०११ ची संक्रांत. मुलगी चौदा महिन्यांची, पण बसत नव्हती. मी बोरन्हाण करायचंच नाही असं ठरवलं होतं. पाटावर बाळ बसलेलं नाही आणि चार बायका बघतायत, हे चित्र मला नको होतं. तळमजल्यावरच्या आजी वर आल्या. त्या आज आपल्यात नाहीत, पण त्यांचा आवाज सगळ्यांच्या कानात असेल. म्हणाल्या, "हलव्याचे दागिने माझे करून झालेत. कधी करायचं सांग." मी म्हटलं, "आजी, ती पाटावर बसत नाही." आजी म्हणाल्या, "मग पाट कुणाला हवाय? सतरंजीवर लोळत करू."

आणि खरोखर सतरंजी अंथरली. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, आणि आमची बाई मध्यभागी पालथी. बोरं, चुरमुरे, गोळ्या, उसाचे करवे सगळं तिच्याभोवती ओतलं. मुलं तुटून पडली. दोन मिनिटांत सतरंजी साफ. एक लाल कागदातली गोळी तेवढी कडेला राहिली होती. बी विंगमधला एक मुलगा ती घ्यायला वाकला, तेवढ्यात आजी ओरडल्या, "थांब!"

कारण आमची मुलगी हलत होती. तिनं कपाळ सतरंजीला टेकवलं, पायांनी जमीन रेटली आणि डोकं नांगरासारखं पुढे ढकलत निघाली. रांगणं म्हणावं असं ते नव्हतंच. मी असं कुठलंच मूल बघितलं नव्हतं. मुकुट घसरून नाकावर आला. एक हात अंतर कापायला तिला पाच मिनिटं तरी लागली असतील. आणि त्या खोलीतल्या पंधरा-वीस मुलांमधल्या एकानंही ती गोळी उचलून तिच्या हातात दिली नाही. सगळी गुडघ्यांवर बसून बघत होती. तिनं गोळी मुठीत धरली तेव्हा जो आरडाओरडा झाला, तो खाली ऑफिसात ऐकू गेला म्हणे. (टाळ्या)

पुढच्या वेळी मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अशा मुलांमध्ये हे दिसतं. त्यांचं शरीर वेगळं, म्हणून ती पुढे सरकायच्या आपल्या युक्त्या आपणच शोधतात. कुणी डोक्यावर भार देऊन सरकतं, कुणी बसून ढुंगणावर सरकतं. उभं राहताना आधी पाय ताठ करतात आणि मग हातांनी अंग वर रेटतात. तुम्ही फक्त वेळ द्या." ती सव्वा वर्षाची झाल्यावर बसली. सव्वीस महिन्यांची असताना आमच्या दारापासून समोरच्या दारापर्यंत नऊ पावलं चालली. समोरच्या काकू दारात उभ्या होत्या, आणि त्यांनीही तिला मध्येच झेललं नाही. ती पोहोचेपर्यंत थांबल्या.

इथपर्यंत मी स्वतःला फार समंजस आई म्हणून उभं केलंय. आता उलटी बाजू सांगते.

ती चालायला लागल्यावर लोक विचारायचे, "किती वर्षांची?" खरं वय सांगितलं की समोरचा चेहरा बदलायचा. मग पुढचे प्रश्न. डॉक्टरांना दाखवलं का? अमुक पावडर दिली का? अमुक देवाला गेलात का? मंद आहे का? तर मी वय कमी करून सांगायला लागले. तीन वर्षांची असताना दीड सांगायचे. चार वर्षांची असताना अडीच. लोक म्हणायचे, "वा, केवढं स्पष्ट बोलते वयाच्या मानानं!" आणि मला बरं वाटायचं. पावडरही आणली मी. दूरदर्शन बघून मागवली, दोन हजार रुपयांचा डबा. मिस्टरांना सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा ऐकतायत ते. अशा पावडरीनं या मुलांची उंची वाढत नाही हे मला माहीत होतं. तरीही आणली.

मग एकदा आपल्याच सोसायटीत, चैत्राच्या हळदीकुंकवाला, एक नव्या पाहुण्या बाईंनी विचारलं आणि मी सवयीनं म्हटलं, "साडेतीन." माझ्या मांडीशी उभी राहून कैरीची डाळ खात होती ती. तिनं वर बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, मी पाच वर्षांची आहे. तू विसरलीस?"

सगळ्या बायका गप्प. मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं. तिला वाटलं आई विसरली. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मला दिसलं की आणखी थोडी मोठी झाली असती तर तिला वेगळंच कळलं असतं. तिला कळलं असतं की आईला आपली लाज वाटते. तिची दीड वर्षं मी चोरत होते, ती मोठी होण्यासाठी केवढी झगडली होती ती दीड वर्षं! नऊ पावलं टाकायला तिला सव्वीस महिने लागले होते आणि मी ते महिने वजा करून टाकत होते. त्यानंतर आजतागायत मी तिचं वय चुकीचं सांगितलेलं नाही. उलट महिन्यांसकट सांगते.

ती शाळेत जायला लागली. शाळा चांगली, बाई प्रेमळ. पण सगळ्यांना तिला उचलून घ्यायचं असायचं. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत बाहुलीसारखं कडेवर घ्यायच्या. दुसरीतल्या मुलीला दुसरीतल्याच मुली! बाकावर बसवायला उचल, पायरी चढवायला उचल, फोटोत पुढे घ्यायला उचल. एक तर तिच्या मानेला आणि पाठीला ते धोक्याचं. आणि दुसरं तिच्याच शब्दांत, "आई, मला कुणी विचारत नाही. मी काय पिशवी आहे का?" आम्ही बाईंना जाऊन भेटलो. बाकाखाली पाय टेकायला एक छोटा पाट ठेवला, कारण तासन् तास पाय लोंबकळले की मुंग्या येतात. वर्गात नियम झाला, आधी विचारायचं. आश्चर्य म्हणजे मुलांना हा नियम पटकन कळला. मोठ्यांना वेळ लागला.

आणि मोठ्यांवरून आठवली आपली लिफ्ट!

जाळीच्या दाराची ती जुनी लिफ्ट आठवते का? बटणं खालून वर, तळमजल्याचं सगळ्यात खाली. आमची लेक सव्वातीन फुटांची, हात आखूड, डोक्याच्या वर फारसा जात नाही. तळमजल्याचं बटण तिच्या हाताला यायचं. चौथ्याचं नाही. म्हणजे एकटीला खाली येता यायचं, घरी परत जाता यायचं नाही. चार मजले चढायचे म्हटलं तर अर्ध्यावर पाठ भरून यायची. मग खाली थांबायचं, कुणी येईपर्यंत. एकदा मी बँकेतून लवकर आले तर ती लिफ्टच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. विचारलं, किती वेळ? म्हणाली, "दोन गृहपाठ झाले."

मी सोसायटीला अर्ज दिला. २०१८ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय आला. त्या सभेत काय झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. कुणी म्हणालं, एका घरासाठी सगळ्यांच्या मेंटेनन्समधून खर्च कसा करायचा? कुणी म्हणालं, खालचं बटण लहान मुलं खेळायला वापरतील. कुणी अगदी चांगल्या मनानं म्हणालं, "अहो वॉचमन आहे ना, तो दाबून देईल. आपण सगळेच मदत करतो तिला." हे मात्र खरं होतं, सगळेच करायचे. मला काय उत्तर द्यावं सुचेना. माझी लेक मागे इतर मुलांबरोबर सभा संपल्यावरच्या बटाटेवड्यांची वाट बघत होती. तिथून तिनं विचारलं, "आणि वॉचमन मामा जेवायला जातात तेव्हा?"

विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. मी चिडले होते. एका शेजाऱ्यांशी तर वर्षभर बोलले नाही. ते समोर बसलेत, त्यांना माहीत आहे. आता आमचं छान आहे. (हशा) पण त्याच आठवड्यात सी विंगमधले काका घरी आले. त्यांनी आपली जुनी काठी कापून हातभर तुकडा केला होता, टोकाला रबराचं बूच आणि वर धरायला दोरी. म्हणाले, "सभेचं होईल तेव्हा होईल." ती काठी दप्तराला अडकवून ती वर्षभर एकटी वर-खाली करत होती. पुढे लिफ्ट बदलायचीच होती. नव्या लिफ्टमध्ये आडवी पट्टी बसवली, माझ्या कमरेच्या उंचीवर, अंक उठावाचे. हे करणाऱ्या त्या वेळच्या कमिटीचे मी आज जाहीर आभार मानते. आज ती पट्टी कोण वापरतं? व्हीलचेअरवरचे आजोबा, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या वहिनी, आणि सगळी चिल्लीपिल्ली. काका गेले. काठी आमच्या चपलांच्या कपाटात आहे. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि अख्खी सोसायटी लिफ्टची बटणं दात कोरायच्या काडीनं दाबायला लागली, तेव्हा लेक म्हणाली, "बघ आई, आता सगळ्यांकडे काठी आली."

पुढची वर्षं थोडक्यात सांगते. कानात पाणी साठायचं, ऐकू कमी यायचं, त्यावर उपचार झाले. पाय धनुष्यासारखे वाकतात, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. हाडं लांब करण्याचं ऑपरेशन असतं. सोव्हिएत रशियातले डॉक्टर इलिझारोव यांची पद्धत. पायाभोवती कड्या बसवून हाड कापून रोज थोडं थोडं ताणायचं, महिनोन् महिने. नातेवाइकांनी फार आग्रह केला. आम्ही ठरवलं, शरीर तिचं आहे, ती मोठी झाल्यावर ठरवेल. तिनं आतापर्यंत तरी नको म्हटलंय. २०२१ मध्ये वोसोरिटाइड नावाच्या रोज घ्यायच्या इंजेक्शनला युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या दाबलेल्या ब्रेकवरचा दाब ते थोडा सैल करतं. पण हाडांची टोकं मिटायच्या आत द्यावं लागतं आणि किंमत आमच्या घराच्या हप्त्यांना लाजवणारी. तिला ते मिळालं नाही, याची रुखरुख मला आहे. तिला फारशी नाही. उद्या या सोसायटीत असं बाळ आलं तर त्याच्या आई-वडिलांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं.

आणखी एक माहिती उपयोगाची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ही खुंटलेली उंचीही आहे. मोठेपणी १४७ सेंटीमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच किंवा कमी, अशी त्यात व्याख्या दिली आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात हे नव्हतं. प्रमाणपत्र काढायला आम्ही उगीच लाजलो, दोन वर्षं वाया घालवली. तुम्ही लाजू नका.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कमी उंचीच्या खेळाडूंच्या गटात हरियाणाच्या नवदीप सिंगनं भालाफेकीत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी मला तो व्हिडिओ पाठवला. मोजून एकोणीस जणांनी! मी कौतुकानं लेकीला दाखवला. तिनं पूर्ण बघितला, दोनदा बघितला. मग म्हणाली, "भारी आहे. पण आई, मला भाला नाही फेकायचा. मला सीए व्हायचंय." दहावी झाली, आता अकरावी कॉमर्सला आहे. लोकलनं जाते. गर्दीत कुणी उचलायला हात पुढे केला तर "विचारलंत का?" असं म्हणते. मला विचाराल तर जरा फटकळच आहे. सासूबाई म्हणतात, आईवर गेली.

जाता जाता दोन गोष्टी मागते, रौप्यमहोत्सव आहे म्हणून.

एक. आपल्या गेटवरचा इंटरकॉम अजून पाच फुटांवर आहे आणि वरच्या ओळीतल्या टपालपेट्यांपर्यंत तिचाच काय, माझाही हात पोहोचत नाही. बघा जरा. आणि आणखी काही वर्षांनी पुनर्विकासाचा विषय निघणारच आहे. आर्किटेक्ट नकाशा घेऊन येतील तेव्हा सगळे चटई क्षेत्र, पार्किंग, कॉर्पस फंड विचारतील. मीही विचारीन. पण त्याबरोबर बटणं कुठे, बेल कुठे, कठड्याची दांडी कुठे, पहिली पायरी किती उंच, हेही विचारू. बांधताना खाली लावलं तर फुकटात होतं. नंतर करायचं म्हणजे दोन सर्वसाधारण सभा लागतात. (हशा)

दुसरी गोष्ट सगळ्यांसाठी. कुणाचंही मूल असो, म्हातारं माणूस असो, हळू असेल तर आपले हात आपोआप पुढे जातात. प्रेमानंच जातात. पण आधी विचारा. आणि नको म्हणाले तर थांबा. त्या संक्रांतीला पंधरा-वीस मुलं पाच मिनिटं थांबली होती. ती मुलं आता मोठी झाली, कुणी पुण्यात, कुणी कॅनडात, दोघं-तिघं तर आज इथेच व्यवस्था बघतायत. त्यांना कदाचित आठवतही नसेल. तिलाही आठवत नाही, मीच सांगितलंय. मला मात्र रोज आठवतं.

तिसरी अट मोडली. घरी गेल्यावर ऐकून घेईन.